चार लाखांत जिवाणू द्यावा का?

पत्र बरंच मोठं होतं, गाभा तेवढा इथे देते:

‘मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. काही वर्षांपूर्वी सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंबाच्या बागेत सगळीकडे तेल्या (डाळिंबावर डाग पाडणारा जिवाणूजन्य रोग) पसरलेला असताना एका कोपऱ्यातली झाडं मात्र स्वच्छ दिसली. त्यांच्या मुळांजवळच्या मातीतून माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं बॅसिलस या जिवाणूचा एक स्ट्रेन, म्हणजे वाण, वेगळा काढला. प्लेटवर, कुंड्यांत आणि गेल्या मृग बहारात दोन बागांत तो चालला. पैसा आधी विद्यापीठाच्या छोट्या प्रकल्पाचा होता, नंतर केंद्र सरकारच्या एका प्रकल्पाचा. फेब्रुवारीत पुण्यातल्या एका परिषदेत पोस्टर लावलं. पेपर रिव्ह्यू होऊन परत आलाय, नोव्हेंबरअखेर सुधारून पाठवायचाय. आता एका कृषी निविष्ठा कंपनीचे मालक चार लाख द्यायला तयार आहेत. त्यांना कल्चर आणि ‘फॉर्म्युला’ हवाय, दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही अशी अट आहे. करार दोन पानी. विद्यार्थिनी म्हणते, मॅडम, आपणच कंपनी काढू. प्राचार्य म्हणतात, आधी पेटंट टाका, नॅकच्या मूल्यांकनाला लागेल. घरचे म्हणतात, मिळतायत तर घ्या. माझ्या नोकरीची अजून बरीच वर्षं आहेत आणि धंद्यातलं मला काही कळत नाही. काय करू? शिवाय ज्यांच्या बागेतली माती घेतली ते बागायतदार सारखे फोन करून दोन लिटर मागतात. त्यांना काय सांगू?’

मॅडम,

त्या दोन पानांवर सही करू नका. चार लाख कमी आहेत की जास्त, हा पुढचा प्रश्न. तो जिवाणू एकट्या तुमचा नाही, म्हणून तो विकण्याचा अधिकारही आज एकट्या तुमच्याकडे नाही.

आपल्या पेटंट कायद्यात नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं कुठे म्हटलेलं नाही. हक्क मूळ संशोधकाचा असतो आणि तो लेखी दिला तरच दुसऱ्याकडे जातो. पण तुमच्या नेमणुकीच्या अटी, महाविद्यालयाचं किंवा विद्यापीठाचं बौद्धिक संपदा धोरण आणि प्रकल्प मंजुरीच्या पत्रातलं बारीक टायपातलं पान, या तीन ठिकाणी असा लेखी हक्क बहुधा आधीच दिलेला असतो आणि सही करताना आपण वाचलेला नसतो. हे तीन कागद आधी शोधा. केंद्राच्या पैशावर झालेल्या संशोधनाबाबत २००० सालच्या सरकारी सूचना आहेत. त्यांनुसार बौद्धिक संपदा संस्थेकडे राहू शकते आणि मिळकतीतला वाटा संशोधकांना देता येतो, तोही एकूण एक तृतीयांशापर्यंतच. तुम्ही चार लाख परस्पर स्वतःच्या खात्यात घेतलेत आणि वर्षभरानं ऑडिटमध्ये ते निघाले, तर त्रास तुम्हाला होईल, त्या मालकांना नाही.

तुमच्या पत्रात विद्यार्थिनी एका वाक्यात येऊन जाते. ती नोकर नाही. स्ट्रेन तिनं वेगळा काढला, तेव्हा संशोधक म्हणून तिचं नाव अर्जावर यायलाच हवं. ते सौजन्य म्हणून नव्हे, खऱ्या संशोधकाचं नाव गाळलेलं पेटंट पुढे आव्हानात अडचणीत येऊ शकतं म्हणून. उलट विभागप्रमुख आहेत, प्राचार्य आहेत म्हणून कुणाचं नाव घालूही नका. पेपरवर चालून जातं ते इथे महागात पडतं.

आता पोस्टर. तुमच्या पत्रातलं मला सर्वांत जास्त काळजीत टाकणारं वाक्य हेच होतं. पोस्टरवर काय काय होतं? ‘बॅसिलसच्या एका स्थानिक स्ट्रेनमुळे तेल्या कमी झाला’ एवढंच असेल तर निभावेल. स्ट्रेनची ओळख, वाढवण्याची पद्धत, मात्रा, मिश्रण असं सगळं मांडलेलं असेल, तर तुम्ही शोध जाहीर केलाय. आपल्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये विद्वत्सभेपुढे वाचलेल्या निबंधासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती चिंचोळी आहे; पोस्टर तिच्यात बसतं की नाही यावर वकील वाद घालतील. युरोपात तेवढीही नाही. म्हणून फेब्रुवारी उजाडायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, आणि पेपर पुन्हा पाठवायच्या आधी गेला तर उत्तम. तात्पुरत्या तपशिलाचा, म्हणजे प्रोव्हिजनल अर्ज करता येतो आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ऐंशी टक्के सवलत आहे. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये पडते. वकिलाची फी वेगळी, आणि ती वाचवू नका.

पेपर मागे घ्या असं मी म्हणत नाही. अर्ज करून त्याच आठवड्यात पेपर पाठवा. पेटंट की प्रकाशन असं भांडण आपल्याकडे उगाच रंगवलं जातं. प्रश्न फक्त आधी काय आणि नंतर काय एवढाच असतो. १९७३ च्या नोव्हेंबरात स्टॅनफर्डचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांचा जनुकं जोडण्याच्या तंत्रावरचा पेपर छापून आला. आजचा सगळा जैवतंत्रज्ञान उद्योग ज्यावर उभा आहे ते तंत्र. पेटंट त्यांच्या डोक्यातही नव्हतं. स्टॅनफर्डमधले नील्स रायमर्स यांनी वर्तमानपत्रातली बातमी वाचून त्यांच्यामागे तगादा लावला, आणि अमेरिकेतली वर्षभराची सवलत संपायला थोडेच दिवस राहिले असताना १९७४ च्या नोव्हेंबरात अर्ज गेला. अमेरिकेतलं पेटंट मिळालं, बाकी जगातला हक्क मात्र तो पेपर छापला त्या दिवशीच गेला होता. तरीही १९९७ मध्ये मुदत संपेपर्यंत दोन्ही विद्यापीठांना मिळून २५ कोटी डॉलर्सच्या आसपास मिळाले. तुमच्या स्ट्रेनला एवढे मिळणार नाहीत, हे उघड आहे. तारखांचं गणित मात्र तेच आहे.

विद्यार्थिनीच्या प्रबंधाकडेही लक्ष असू द्या. खुली व्हायव्हा झाली आणि प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर चढला की तेही प्रकाशनच. विद्यापीठाकडे काही काळ तो रोखून ठेवण्याची विनंती करता येते. ती लेखी करा. बागेतल्या फवारणीचा कुणी व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला असेल तर त्यात बाटली दिसते, जिवाणू दिसत नाही. फार घाबरू नका, वकिलाला मात्र सांगून ठेवा.

पेटंट मिळेल का? जसाच्या तसा निसर्गात सापडलेला जिवाणू आपल्याकडे पेटंटयोग्य नाही. कलम ३(क) म्हणतं की तो शोध नव्हे, तो ‘सापडणं’ आहे. ‘डाळिंबावर अमुक वेळी फवारण्याची पद्धत’ म्हणाल तर शेतीची पद्धत म्हणून तीही वगळलेली. दोन-तीन जिवाणू एकत्र केले म्हणाल तर ती नुसती सरमिसळ नाही, एकत्र आल्यावर प्रत्येकाच्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम होतो हे आकड्यांनी दाखवावं लागेल. राहतं काय? बीजाणू (जिवाणूचं सुप्त, टिकाऊ रूप) टिकवणारं विशिष्ट मिश्रण, ते बनवण्याची प्रक्रिया, आणि तुमच्या स्ट्रेनला बाजारातल्या स्ट्रेनपासून वेगळं करणारं काही असेल तर ते. म्हणजे पेटंट जिथे मिळू शकतं त्यातलं बरंचसं काम अजून व्हायचंय. ही वाईट बातमी नाही. बारा महिने त्यासाठीच वापरायचे आहेत.

अर्जाआधी दोन कामं पुरी करा. पहिलं म्हणजे स्ट्रेन मान्यताप्राप्त संग्रहात ठेवा. पेटंट अर्जात सूक्ष्मजीवाचं पूर्ण वर्णन शब्दांत करता येत नसेल तर तो बुडापेस्ट या आंतरराष्ट्रीय कराराखालच्या संग्रहात अर्जाच्या तारखेपर्यंत जमा असावा लागतो. त्यासाठी परदेशी पाठवायची गरज नाही, पुण्यातच एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेचा राष्ट्रीय सूक्ष्मजीव संग्रह आहे आणि त्याला हा दर्जा आहे. एक नळी विभागाच्या फ्रीजमध्ये आणि दुसरी विद्यार्थिनीच्या खोलीवर, एवढ्या भरवशावर बसू नका. महाविद्यालयात वीज किती वेळा जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुसरं, माती कुठून घेतली हे अर्जात लिहावं लागतं आणि जैविक विविधता कायदा, २००२ आड येतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय अर्जदारानं पेटंट मिळण्याआधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची आणि बाजारात आणताना त्यांची मंजुरी घ्यायची, अशी व्यवस्था आहे. चार लाखवाल्या कंपनीत परदेशी मालकी असेल तर नियम आणखी कडक होतात, तेव्हा तेही विचारून घ्या.

प्राचार्यांना अर्जाचा क्रमांक द्या, ते खूश होतील. पण नॅकसाठी पेटंट आणि धंद्यासाठी पेटंट हे दोन वेगळे प्राणी आहेत. आपल्या महाविद्यालयांत अठरा महिन्यांनी अर्ज नियमानुसार ‘प्रकाशित’ झाला की सत्कार होतो, फोटो लागतो आणि तपासणीची विनंतीच न केल्यामुळे अर्ज मुकाट मरतो. तुमचाही तसा गेला तर पेटंट तर मिळणार नाहीच, पण मजकूर जगाला वाचायला मोकळा झालेला असेल. अर्जाच्या पाठपुराव्याचा खर्च कोण करणार, हे प्राचार्यांकडून आधी लेखी घ्या.

इथवर कागद झाले. खरी गोष्ट पुढेच आहे आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. तुमच्याकडे उत्पादन नाही. तुमच्याकडे फ्लास्कमध्ये वाढणारा, दोन बागांत एका बहारात चाललेला जिवाणू आहे.

दोन बागा आणि एक बहार यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. तेल्या पावसावर स्वार होतो. एखाद्या वर्षी मृगाचा पाऊस उशिरा आला किंवा वारा कमी राहिला तर काहीच न फवारलेल्या बागेतही डाग कमी दिसतात. निदान दोन-तीन बहार, वेगवेगळ्या गावांत, शेजारी शेजारी चार पट्टे: काहीच नाही, बोर्डो किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड यांची नेहमीची तांबंयुक्त फवारणी, बाजारात आज मिळणारं बॅसिलस सबटिलिसचं एखादं उत्पादन, आणि तुमचं. तिसरा पट्टा टाळण्याचा मोह होईल. तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. बॅसिलसची उत्पादनं बाजारात आधीच आहेत. तुमचं त्यांच्यापेक्षा सरस आहे की नाही, हे तुम्हालाच अजून माहीत नाही. सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. हे प्रयोग त्यांच्याबरोबर करा, म्हणजे आकड्यांना वजन येईल. करार मात्र आधी, नळी नंतर.

ओळख पक्की आहे ना? तुम्ही ‘बॅसिलस’ एवढंच लिहिलंय. नुसत्या सोळा-एस या एका जनुकाच्या तपासणीवर विसंबू नका, सिरियस गटातल्या जाती तिच्यातून नीट वेगळ्या होत नाहीत. पूर्ण जनुकसंच वाचून घ्या. बॅसिलस सिरियस, म्हणजे अन्नविषबाधा घडवणारा निघाला, तर फळावर फवारायच्या उत्पादनाची गोष्ट तिथेच संपते. ते आज कळलेलं बरं.

मग उत्पादन. अडीचशे मिलीच्या फ्लास्कमध्ये न्यूट्रियंट ब्रॉथवर तो छान वाढत असेल. पाचशे लिटरच्या फर्मेंटरमध्ये प्राणवायू पुरत नाही, फेस येतो, एखाद्या दिवशी दुसराच जिवाणू शिरतो आणि अख्खी बॅच ओतून द्यावी लागते. न्यूट्रियंट ब्रॉथ त्या प्रमाणात परवडतही नाही. तुमच्या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, मळी आहे. मळी आणि सोयाबीनच्या पेंडीवर तो वाढतो का, आणि तेवढेच बीजाणू देतो का? हे काम नीरस आहे आणि त्यावर पेपर निघत नाही. पण मघाशी जी पेटंटयोग्य प्रक्रिया म्हटली ती याच कामातून निघते.

बीजाणू ही तुमची जमेची बाजू. स्यूडोमोनास या दुसऱ्या जिवाणूवाल्यांना टिकवणुकीचं जे दुखणं असतं ते बॅसिलसला त्या मानानं कमी. तरी एकदा मे महिन्यात सांगोल्याच्या एखाद्या कृषी सेवा केंद्रात जाऊन उभ्या राहा. पत्र्याखाली बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बाटल्या महिनोन्‌महिने पडून असतात. लेबलवर लिहिलेला सीएफयू, म्हणजे जिवंत जिवाणूंचा आकडा, सहा महिन्यांनी तेवढाच निघाला पाहिजे. कृषी खात्यानं नमुना उचलला आणि तो कमी निघाला तर परवाना अडचणीत येतो. आणि तुम्ही कितीही सांगितलंत तरी शेतकरी तुमचं औषध कॉपरबरोबर त्याच टाकीत मिसळणार आहे, कारण मजुरी एकाच फवारणीची परवडते. बॅसिलस कॉपरला किती तोंड देतो हे प्रयोगशाळेत पाहून ठेवा. चार तासांनी काय उरतं, आठ तासांनी काय उरतं. दुकानदार तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारेल.

दुकानदार हाच तुमचा खरा गिऱ्हाईक आहे, शेतकरी नंतर. बागायतदाराच्या पानावर डाग दिसतो, तो पान तोडून दुकानात नेतो आणि दुकानदार जे काढून देतो ते फवारतो. पैसे बहर निघाल्यावर. म्हणजे दुकानदार उधारीवर विकतो आणि तुमच्याकडूनही उधारीवरच मागतो. जैवतंत्रज्ञानातल्या किती छोट्या कंपन्या विज्ञानानं नव्हे, वसुलीनं बुडतात! त्या चार लाखवाल्या मालकांकडे तुमच्याकडे नसलेली एकच गोष्ट आहे, ती म्हणजे दुकानांची साखळी आणि वसुलीची माणसं. म्हणून त्यांना हाकलून देऊ नका.

परवान्याचं आता थोडक्यात, पण हे चुकलं तर बाकी सगळं वाया. लेबलवर तुम्ही काय म्हणता यावर कायदा ठरतो. ‘तेल्या रोगाचं नियंत्रण’ म्हटलंत की ते कीटकनाशक कायदा, १९६८ खाली जैविक कीडनाशक. मग फरीदाबादच्या केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे जावं लागतं, सस्तन प्राणी, मासे, मधमाश्या यांच्यावरचे सुरक्षिततेचे प्रयोग आणि परिणामकारकतेचे प्रयोग द्यावे लागतात. जैविक उत्पादनांसाठी कलम ९(३ब) खाली तात्पुरती नोंदणी मिळू शकते आणि उरलेली माहिती गोळा करता करता विक्री करता येते; नव्या कंपनीला हीच वाट बरी पडते. ‘झाडाची वाढ व ताण सहन करण्याची क्षमता’ म्हटलंत तर ते बायोस्टिम्युलंट होतं आणि २०२१ पासून तेही खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आहे. काही मंडळी लेबलवर वाढवर्धक लिहितात आणि दुकानात तोंडी ‘तेल्या जातो’ सांगतात. त्या मालकांना त्यांचा परवाना कशाचा आहे हे विचारा. उत्तर टाळलं, तर तुमचा स्ट्रेन कुठल्या बाटलीत जाणार हे तुम्हाला कळलंच.

कंपनी कुणी काढावी? माझं मत स्पष्ट आहे. विद्यार्थिनीनं. तुम्ही नाही.

तुम्ही स्वतः म्हणता की धंद्यातलं कळत नाही. ते शिकता येतं, पण दिवसाला पाच तास शिकवून, परीक्षेचं काम करून, संध्याकाळी सहानंतर चालवलेली कंपनी डाळिंबाच्या बहाराला थांबवत नाही. बहार आपल्या वेळेवर येतो. राहुल पुरवार आयआयटी मुंबईत प्राध्यापक असताना त्यांच्या प्रयोगशाळेतून इम्युनोअ‍ॅक्ट ही कंपनी निघाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांच्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला देशात परवानगी मिळाली, हे उदाहरण तुम्हाला कुणी तरी सांगेलच. खरं आहे आणि मोठं आहे. पण त्यांच्या मागे आयआयटीचं इन्क्युबेटर होतं, जोडीला टाटा रुग्णालय होतं आणि तंत्रज्ञान हस्तांतराची रुळलेली कचेरी होती. तुमच्या महाविद्यालयात यातलं काहीच नाही. तुम्ही वैज्ञानिक सल्लागार राहा, थोडे शेअर्स घ्या, तेही संस्थेची लेखी परवानगी घेऊन. २०१९ च्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात प्राध्यापकांना यासाठी मुभा आहे. संस्थेनं स्वतः शेअर्स घ्यायचे तर ते २ ते ९.५ टक्क्यांच्या दरम्यान असावेत अशी त्यात सूचना आहे. प्राचार्यांनी पंचवीस टक्के मागितले तर हे धोरण त्यांच्यापुढे ठेवा.

तिला पुण्याला पाठवा. पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात व्हेंचर सेंटर आहे. तिथे जीवशास्त्राच्या स्टार्टअपना प्रयोगशाळा भाड्यानं मिळते, आणि टेकएक्स नावाचा त्यांचा विभाग तुमच्यासारख्या संस्थांना तंत्रज्ञान हस्तांतरात मदत करतो. म्हणजे तुमच्या महाविद्यालयाला जी कचेरी नाही ती तिथे आहे. बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग योजनेत अठरा महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. हे अनुदान आहे, कर्ज नाही. व्यक्ती म्हणूनही अर्ज करता येतो, आणि अर्ज वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत उघडतात. जानेवारी फार दूर नाही. तिच्या अर्जात ‘तेल्यावर रामबाण’ असं वाक्य दिसलं तर खोडा. परीक्षकांना मळीवरची वाढ, कॉपरबरोबरचं टिकणं आणि चार पट्ट्यांचा आराखडा बघायचा असतो.

तिला एकदा समोर बसवून तिची परिस्थितीही विचारा. फेलोशिप कधी संपते? घरी लग्नाचं चाललंय का? दीड-दोन वर्षं पगाराशिवाय किंवा अनुदानातल्या छोट्या मानधनावर काढता येतील का? ‘मॅडम, आपण कंपनी काढू’ या वाक्यातल्या ‘आपण’मध्ये ती तुमच्या पगाराचा आधार धरून बोलतेय का, हे कळलं पाहिजे. ती नको म्हणाली तर मन खट्टू करू नका, मग लायसन्सचीच वाट घ्यायची. आणि हो म्हणाली तर तिच्या गाइड म्हणून तुमचा अधिकार आणि भागीदार म्हणून तुमचा हिस्सा यांची सरमिसळ होऊ देऊ नका. प्रबंध जमा होईपर्यंत तिच्याशी शेअर्सची बोलणी करूच नका. ती तोवर तुम्हाला नाही म्हणू शकत नाही.

मालकांना काय सांगायचं? सांगा, विकायचं नाही, पण बोलायला आवडेल. पेटंट अर्ज झाला की गुप्ततेचा करार करून सहा महिन्यांचा मूल्यमापन करार देऊ; त्यांनी प्रयोगांचा खर्च करायचा, नमुना फक्त चाचणीसाठी वापरायचा, वाढवायचा नाही, जनुकसंच वाचायचा नाही, उरलेला परत करायचा. या अटी लेखी नसतील तर एक थेंब द्यायचा नाही. जिवाणू ही अशी चीज आहे की एकदा दिली की मोजून परत घेता येत नाही.

चाचण्या जमल्या तर लायसन्स, संस्थेच्या नावानं. सुरुवातीला ठोक रक्कम कमी चालेल. विक्रीवर रॉयल्टी हवी आणि विक्री झाली न झाली तरी दरवर्षीची किमान रॉयल्टी हवी. समजा पाच वर्षांनी त्यांचं या उत्पादनाचं वार्षिक उत्पन्न दोन कोटींवर गेलं आणि रॉयल्टी तीन टक्के ठरली असेल, तर एका वर्षाचे सहा लाख होतात. चार लाख एकदाच, हा सौदा त्यापुढे ठेवून बघा. एकट्यालाच द्यायचं असेल तर पीक आणि राज्य ठरवून द्या: महाराष्ट्रात डाळिंब त्यांचं, कर्नाटक, गुजरात आणि बाकी पिकं मोकळी. दोन वर्षांत नोंदणीचा अर्ज केला नाही तर हक्क परत. पुष्कळ कंपन्या स्पर्धक उभा राहू नये म्हणून घेतात आणि कपाटात ठेवतात. ही अट त्यासाठीच. संशोधन चालू ठेवण्याचा आणि पेपर छापण्याचा तुमचा हक्क करारात स्पष्ट लिहून घ्या. आणि विद्यार्थिनीची कंपनी उभी राहणार असेल तर तिच्याशी या लायसन्सची टक्कर होणार नाही, हे सही करायच्या आधी बघा. उत्पादन तिनं करायचं आणि विक्री त्यांनी, असंही होऊ शकतं. मला तर तीच जोडी सर्वांत शहाणपणाची वाटते.

राहिले बागायतदार. दोन लिटर देऊ नका. नोंदणी नसलेलं औषध तुम्ही वाटलं आणि त्यांच्या बागेत वेगळ्याच कारणानं फळगळ झाली तर गावात तुमच्या नावानं बोभाटा होईल, आणि माल निर्यातीचा असेल तर प्रश्न आणखी वाढतील. पण त्यांना नुसतं टोलवूही नका. त्यांच्या मातीतून हे निघालंय. जैवविविधता कायद्याचा लाभवाटपाचा जो भाग आहे तो नेमका अशाच माणसांसाठी आहे, आणि त्यांच्या ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समितीही असायला हवी. येत्या बहारात चार पट्ट्यांच्या प्रयोगासाठी त्यांची बाग पहिली घ्या. बागेचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार, फळ कुठे विकायचं, फोटो कुणी काढायचे, हे सगळं मराठीत एका पानावर लिहून दोघांच्या सह्या करा आणि एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. प्रयोगाच्या पट्ट्यावरची फवारणी तुमची विद्यार्थिनी करेल, बाटली तिच्याबरोबर येईल आणि तिच्याबरोबर परत जाईल, एवढं त्यांना फोनवर आजच सांगून टाका.